ते तालमीत ठरलेलं नव्हतं

अंबिका,

तुझ्यावर दोन पानं लिहून द्या, असं रेहाना सांगून गेली. तुझ्या वर्गातली मुलंमुली एक छोटी स्मरणिका काढतायत आणि येत्या शनिवारी सभा आहे. "सर, मॅडमना नाटकात पहिलं तुम्हीच आणलं की. तुमच्याशिवाय कसं होईल?" असं ती म्हणाली. मी हो म्हणालो. ती जिना उतरून गेली तरी मी तिथेच खुर्चीत बसून राहिलो. तुला नाटकात मी आणलं हे खरं आहे. तुला नाटकातून घालवलं कोणी, हे त्या मुलीला माहीत नाही. ते नीट माहीत असलेली माणसं तीनच होती. माधव चार वर्षांपूर्वी गेला. तू गेल्या महिन्यात गेलीस. आता मी एकटा उरलोय, आणि मी गप्प बसलो तर ते कायमचं बुडेल. बत्तीस वर्षं मला तेच हवं होतं.

तुझ्या आईचं दुकान आठवतं. सोलापूरच्या भवानी पेठेत, एका खोलीत ब्लाऊज शिवायचं दुकान, मागच्या गल्लीत यंत्रमागांचा खडखडाट. मी नाटकाच्या कपड्यांसाठी आलो होतो. तुझी आई एका बाईचं माप घेत होती आणि तू पायरीवर वही घेऊन बसली होतीस. आई आधी बोलायची, मग फीत लावायची. "छाती घेते हां." मग फीत. "दंड घेते, हात उचला." मग फीत. तिनं आकडा सांगितला की तू तो मोठ्यानं म्हणून लिहायचीस, म्हणजे चूक व्हायला नको. मागांच्या आवाजावरून तुझा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. मी तिथेच ठरवलं, ही मुलगी मला नाटकात पाहिजे. आईच्या फितीकडे माझं लक्षच नव्हतं. मला फक्त तुझा आवाज ऐकू आला.

तुझ्या आईनं परवानगी दिली ती एका अटीवर. तिचं मराठी मोडकं होतं. ती आधी तेलुगूत बोलली, "चेप्पि चेय्यि पेट्टालि," आणि मला कळलं नाही म्हणून तू सांगितलंस, "सांगून हात लावायचा, म्हणती ती. दुकानाचा नियम हाय तिचा." मी हसलो. म्हणालो, अम्मा, घरच्या मुलीसारखी जपतो. मी शाळेतला मास्तर, गावात चार लोक मला ओळखायचे. तिनं विश्वास ठेवला.

आमच्या संस्थेत सगळे मला अण्णा म्हणत. तूही म्हणायला लागलीस. तू वीस वर्षांची होतीस. तालमीला सगळ्यांच्या आधी येऊन तू हॉल झाडायचीस, आणि कोणी काही म्हटलं तर "दुकानात रोज झाडतीच की, इथं काय वेगळं," म्हणायचीस. माझ्या उच्चारांची तू मागच्या खुर्च्यांत बसून नक्कल करून दाखवायचीस, हे मला माधवनं सांगितलं होतं. मी रागावल्याचं नाटक केलं होतं. त्या दोन महिन्यांइतकं सुख मला नाटकानं नंतर कधी दिलं नाही.

नाटक मीच लिहिलं होतं. बंद पडत चाललेली गिरणी, तिथला मुकादम, आणि सुताच्या कांड्या भरणारी एक बाई. दुसऱ्या अंकाच्या शेवटी मुकादम तिला गोदामात अडवतो. माधव मुकादम होता. महापालिकेत कारकून, अतिशय सभ्य माणूस, तुला "अंबक्का" म्हणून चिडवायचा. तो प्रसंग आपण असा बसवला होता: माधव तुझं डावं मनगट धरणार, तू मनात चार मोजणार, हिसका देऊन सुटणार, दाराशी पळणार आणि दाराशी किंकाळी. मनगट, चार, दार. शंभर वेळा केलं असेल. सगळं बरोबर यायचं, फक्त किंकाळी येत नव्हती. मी रोज म्हणायचो, अंबिका, तुझी किंकाळी कागदी आहे. तू म्हणायचीस, "आणा की मग खरी गिरणी." सगळे हसायचे. मला हसू येत नव्हतं. स्पर्धा जवळ येत होती आणि त्या किंकाळीवर माझा सगळा अंक उभा होता.

स्पर्धेच्या दिवशी, पहिला अंक संपल्यावर, मी माधवला विंगेत पाण्याच्या पिंपाजवळ गाठलं. त्याला काय करायचं ते सांगितलं. काय सांगितलं ते इथे लिहिणार नाही. का, ते पुढे येईल. एवढं लिहितो की ते मनगट नव्हतं आणि चारवर थांबणारं नव्हतं. माधवचा चेहरा उतरला. त्यानं विचारलं, "अण्णा, तिला आधी सांगू का?"

अंबिका, त्यानं विचारलं होतं. हे तुला कळलंच पाहिजे होतं. मी म्हणालो, सांगू नको. सांगितलं की ती तयार राहील, आणि तयार राहिली की किंकाळी मेली.

आणि किंकाळी आली. नाट्यगृहात मागच्या रांगेतला माणूसही हलला नाही. परीक्षकांनी नंतर तिचा खास उल्लेख केला. तुला अभिनयाचं पदक, मला दिग्दर्शनाचं. पडदा पडल्यावर मी रंगपटात आलो तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून बसली होतीस. पदराला पिना लावत होतीस, एकाच जागी, पुन्हा पुन्हा. मी तुझ्या पाठीवर थाप मारली आणि शाब्बास म्हणालो. तू मागे वळली नाहीस. भिंतीकडे बघतच म्हणालीस, "अण्णा, हे ठरलं नव्हतं की."

मी म्हणालो, काय मिळालं ते बघ.

पुढच्या रविवारी तू कार्यकारिणीकडे आलीस. पाच पुरुष बसलो होतो, बाई एकही नव्हती. तू एकटी आली होतीस, हातात पदकाची डबी. ती टेबलावर ठेवलीस आणि म्हणालीस की मला हे नको, फक्त एवढं लिहा की ते ठरलेलं नव्हतं. घरी लोक विचारतायत. चिटणीसांनी माझ्याकडे बघितलं. माधव खाली मान घालून बसला होता. मी म्हणालो, तालमीत ठरलं होतं, मुलगी ऐन वेळी घाबरली असेल. माधवनं मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि परत खाली घातली. मी त्याचा मास्तर होतो. शाळेतही होतो.

इतिवृत्ताची ती वही आज माझ्याच कपाटात आहे. काल काढून वाचली. चिटणीसांचं अक्षर आहे: "सदर प्रसंग तालमीत ठरल्याप्रमाणेच झाला असल्याचे दिग्दर्शकांनी सांगितले. विषय संपला." खाली माझी सही. सुंदर सही आहे. फळ्यावर अक्षर गिरवून घेणाऱ्या मास्तरची असते तशी.

मला वाटलं होतं की विषय खरंच संपला. तू नाटक सोडलंस, तेव्हा मी लोकांना सांगत राहिलो, पदक मिळालं की पोरी टिकत नाहीत. 'तालमीत ठरलं होतं' या माझ्या वाक्याचा तुझ्या घरात काय अर्थ झाला, याचा मी कधी विचारही केला नाही. तुझ्या भावानं, नरसिंगनं, त्याचा सरळ अर्थ लावला. ठरलेलं होतं म्हणजे अंबिकाला माहीत होतं. माहीत होतं म्हणजे ती हो म्हणाली होती. हो म्हणून वर तक्रार केली. मी एक वाक्य बोललो आणि जे तुझ्यावर झालं ते तूच केल्यासारखं झालं.

मधली बरीच वर्षं मला तुझी खबर नव्हती. मग माझ्या बायकोचं, सुमनचं, छातीच्या गाठीचं ऑपरेशन झालं. तिचा एक हात सुजून जाड झाला होता, नेहमीचे ब्लाऊज चढत नव्हते. शेजारणीनं सांगितलं, एक बाई घरी येऊन माप घेऊन पुढून उघडणारे ब्लाऊज शिवून देते. दार मी उघडलं आणि समोर तू. तू मला "नमस्कार सर" म्हणालीस. अण्णा नाही. तेव्हापासून शेवटपर्यंत सर.

मी बाहेरच्या खोलीत पेपर धरून बसलो होतो. आतून तुझा आवाज येत होता. "काकू, आता खांद्याला फीत लावते. दुखलं तर नको म्हणा, मी थांबते." मग शांतता. मग "आता काखेखाली. लावू का?" सुमन एकदा नको म्हणाली तेव्हा तू थांबलीस आणि दोघी लग्नातल्या जेवणावळीबद्दल बोलत बसलात. मग सुमन स्वतःच म्हणाली, घे आता. तू गेल्यावर ती म्हणाली, "इतके डॉक्टर झाले, नर्सा झाल्या, मला एकानं असं विचारलं नाही." आणि थोड्या वेळानं, "ती तुमच्याकडे बघत नव्हती. तुम्ही काही केलंय का तिला?"

मी म्हणालो, छे, जुनी नाटकातली मुलगी आहे.

सुमन गेली तेव्हा तू शिवलेल्या ब्लाऊजातच गेली. त्याबद्दल मी तुझे आभार मानले नाहीत. मानायला गेलो असतो तर पुढचंही बोलावं लागलं असतं.

मग ऐकलं की तू पुण्यात, मुंबईत काम करतेस. नाटकाच्या कपड्यांच्या कामानं गेलीस आणि तिथे एका शिबिरात तुला हे दुसरं काम सापडलं. इंटिमसी डायरेक्टर. स्मरणिका वाचणाऱ्यांपैकी सगळ्यांना ते माहीत नसेल, म्हणून माझ्या शब्दांत सांगतो. नाटकात, सिनेमात मिठीचे, जवळिकीचे, जबरदस्तीचे प्रसंग असतात. ते करणाऱ्या दोघांना आधी विचारायचं, कुठे हात चालेल, कुठे नाही. मग नाचाच्या पावलांसारखं एकेक हालचाल ठरवायची, तशीच्या तशी बसवायची, आणि कोणीही केव्हाही नको म्हटलं की थांबायचं. तू हे शिकवतेस हे ऐकून मी एका सत्काराच्या भाषणात म्हणालो होतो, आता मिठी मारायलाही मास्तर लागतो. लोक हसले. ते तुझ्यापर्यंत पोचलं असणार. सोलापुरात असलं सगळं पोचतं.

आईच्या आजारपणासाठी तू परत आलीस आणि इथेच वर्ग सुरू केलास. महाविद्यालयातली मुलं, दोन-तीन लावणी करणाऱ्या बायका, एक रिक्षावाला. मी एकदा उत्सुकतेनं येऊन मागे बसलो. तू आईच्या दुकानातली फीत गळ्यात घातली होतीस. कोणाच्या अंगाला हात लावायचा तर तो आपला आपण लावायचा नाही. ज्याला लावायचा, त्यानं समोरच्याचं मनगट धरून, त्याचा हात आपल्या अंगावर नेऊन ठेवायचा. इथे. इथपर्यंत. याच्या खाली नाही. मग तू एका वहीत ते लिहायचीस, ब्लाऊजचं माप लिहावं तसं, मोठ्यानं म्हणत. उजवा खांदा, मोजायचं तीन, नजर दाराकडे. खाली तिघांच्या सह्या. दोन नटांच्या आणि दिग्दर्शकाची. ज्या प्रसंगावर सही नाही तो प्रसंग नाही.

त्यावरून आपला वाद झाला आणि तो मिटलाच नाही. मी म्हणालो, अशानं नाटक मरतं. रंगमंचावर काहीतरी न ठरलेलं घडलं पाहिजे, मापात शिवलेला अभिनय मेलेलाच. तू फीत गुंडाळत होतीस. म्हणालीस, "सर, मापात शिवलेल्या ब्लाऊजात बाई बिनघोर हात वर करती. बिनमापाच्यात सारखा पदर ओढत बसती. कुणाला बघायचंय तुमाला?"

खरं लिहायचं ठरवलंय तर हेही लिहितो. माझ्या आतलं काहीतरी अजून पटवून घेत नाही. ती किंकाळी मला अजून ऐकू येते, आणि ऐकू आली की आधी लाज वाटत नाही. आधी वाटतं, काय आली होती. लाज मागून येते. बत्तीस वर्षांत हा क्रम बदलला नाही. तुझ्याशी हे बोललो असतो तर तू काय म्हणाली असतीस, याचा मी अंदाज बांधत नाही. तुझ्या तोंडी वाक्यं घालायचा धंदा आता पुरे.

मग तुझ्या वर्गातल्या मुलांचं नाटक लागलं. त्यात तसाच एक प्रसंग होता, बंद खोली, बाई, पुरुष. रेहाना होती त्यात. मला माहीत होतं की प्रत्येक श्वास वहीत लिहिलेला आहे, तरी माझे हात खुर्चीच्या दांड्यावर आवळले गेले. किंकाळी आली. माझ्या शेजारचा गृहस्थ उठून उभा राहिला. पडदा पडल्यावर मी आत आलो तर रेहाना आणि तो मुलगा एकाच कागदातून भजी खात होते. ती त्याला म्हणत होती, "आज तू तीनच मोजलास, कुत्र्या, मी चारपर्यंत उभी राहिले येड्यासारखी." आणि हसत होती. अजून डोळ्यांतलं काजळ ओघळलेलं होतं, आणि हसत होती.

मला भिंतीकडे तोंड करून बसलेली तू दिसलीस. मी तिथून बाहेर आलो. तू मागून आलीस. नाट्यगृहाबाहेरच्या टपरीवर आपण चहा घेतला. तू म्हणालीस की आई गेल्या महिन्यात गेली.

"जाताना मला विचारली ती. अंबू, खरं सांग, तू हो म्हणली होतीस का? मी नाही म्हणलं. तिला पटलं का नाही, काय म्हाईत. डोळे मिटून घेतली." तू कप खाली ठेवलास. "नरसिंग अजून हाय, सर. राखीला येतो. बसतो, जेवतो. मला तोंडावर काय म्हणत नाही. पण त्याला ते ठरलेलंच वाटतं."

मग तू मागितलंस. एवढ्या वर्षांत एकदाच काहीतरी मागितलंस. "एकच वाक्य बोला. माझ्या वर्गासमोर बोला, मी नरसिंगला बोलवते. ते ठरलेलं नव्हतं, एवढंच. काय झालं ते सांगू नका. ते माझं हाय, मी कुणाला सांगायचं का नाही ते बघीन. ठरलं नव्हतं, ते तुमचं हाय."

मी म्हणालो, बघू.

तू मला वर्गात बोलावलंस. विषय ठेवलास, सोलापूरचं हौशी नाटक, म्हणजे मला सोपं जावं. नरसिंग मागे कोपऱ्यात उभा होता, चपला हातात घेऊन, मंदिरात आल्यासारखा. मी पाऊण तास बोललो. जुने नट, जुने पडदे, एकदा दिवे गेले तेव्हा कंदिलावर केलेला अंक. मुलं हसली. मी अजून बोलत होतो तेव्हा तू उठून दाराशी गेलीस आणि नरसिंगला पाणी दिलंस. तू समजली होतीस. शेवटी टाळ्या पडल्या. तू माझे आभार मानलेस, शब्द न चुकता. नरसिंग माझ्याजवळ आला आणि नमस्कार करून म्हणाला, "तुमीच बहिणीला पदक मिळवून दिलं."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

त्यानंतर चार महिन्यांत तुझं आजारपण निघालं. मी दवाखान्यात आलो ते तेच सांगायला. वाटेत रिक्षात वाक्य म्हणूनही बघितलं. तू फार वाळली होतीस. डोळे मिटलेले होते. मला काय करावं सुचेना, म्हणून मोठ्या माणसांनी करायचं ते केलं. तुझ्या डोक्यावर हात ठेवायला गेलो. हात टेकायच्या आधी तू डोकं जरासं बाजूला घेतलंस. डोळे न उघडता म्हणालीस, "सांगून."

माझा हात तसाच हवेत राहिला. त्या वेळी विचारायला पाहिजे होतं, ठेवू का, आणि तू नको म्हटलं असतंस तर काढून घेऊन, उभं राहून, ते वाक्य बोलायला पाहिजे होतं. त्याऐवजी मला अपमान वाटला. शेवटच्या दिवसांत एक बाई म्हाताऱ्या माणसाचा आशीर्वाद घेत नाही, असा अपमान. मी म्हणालो, तू आराम कर, परत येतो. अकरा दिवसांनी फोन आला. परत यायचं राहिलं ते राहिलं.

इथपर्यंत लिहून झालं होतं. काल रेहाना पानं न्यायला आली. दोनची कितीतरी झाली होती. मी म्हणालो, आधी ऐक, मग छापायचं की नाही ते तुम्ही ठरवा. तिनं चहा न घेता सगळं ऐकलं. मधे एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. संपल्यावर म्हणाली, "मॅडम प्रत्येक बॅचला पहिल्या दिवशी हे सांगायच्या. एका नाटकात ठरलं नव्हतं ते झालं, म्हणून हा वर्ग. नाव कुणाचंच नाही घ्यायच्या. एकदा मी विचारलं, कोण होता तो? तर म्हणाल्या, त्याला सांगायचंय, तो सांगेल."

मग तिनं पिशवीतून तुझी वही काढली. सगळ्यात पहिली. लाल कापडाची, दुकानातल्या मापाच्या वह्यांसारखीच, कदाचित त्यातलीच एक. पहिल्या पानावर तुझं अक्षर. "गोदाम. अंक दुसरा. डावं मनगट. मोजायचं चार. हिसका. दार." आपल्या तालमीत ठरलेलं, जसंच्या तसं. बत्तीस वर्षांपूर्वीचं माप तू आठवून नीट लिहून ठेवलं होतंस. खाली तुझी सही. तिच्या शेजारी माधवची, थरथरत्या हाताची. तो आजारी असताना तू त्याच्याकडे गेली होतीस तर. तो मला कधी बोलला नाही. तिसऱ्या जागी "दिग्दर्शक" असं लिहिलेलं आणि पुढे कोरी जागा.

मी पेन उघडलं. इतकं सोपं काम तू माझ्यासाठी ठेवून गेलीस असं वाटलं आणि खरं सांगतो, बरं वाटलं. एक सही. सह्या मला चांगल्या येतात.

रेहानानं पानावर हात ठेवला. माझ्या हातावर नाही, पानावर.

"नाही चालत, सर," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "सही आधी असते. मॅडमचा नियम आहे. प्रसंग झाल्यावर केलेली सही सही नसते. तुम्हाला बोलायचंय ते तुमच्या कागदावर बोला, त्यांच्या वहीत नको."

तिनं वही मिटली, पिशवीत घातली. मग माझी पानं उचलली आणि विचारलं, "ही नेऊ का?"

मी हो म्हणालो. जाताना तिनं सांगितलं की नरसिंगमामा शनिवारी पहिल्या रांगेत बसणार आहेत. ते हळवे झालेत, जरा जपून, असंही म्हणाली. मी विचारलं, सभेत मीच वाचलं तर चालेल का? ती म्हणाली, "मॅडमनी तसंच मागितलं होतं ना."

म्हणजे तुझ्या वहीतली ती जागा कोरीच राहणार, अंबिका. ती भरायचा अधिकार माझा त्या पाण्याच्या पिंपाजवळ संपला. मी इतिवृत्ताच्या वहीत मात्र, माझ्या जुन्या सहीखाली, आजची तारीख घालून लिहून ठेवलंय. तेच शनिवारी वाचणार. नरसिंगकडे बघून वाचणार. पुढे लोक उठून जातील, किंवा कोणीतरी येऊन माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणेल, बसा अण्णा, जुनी गोष्ट आहे. त्याच्या आत वाक्य संपलं पाहिजे, म्हणून ते लहान ठेवलंय:

ते तालमीत ठरलेलं नव्हतं. अंबिकाला काहीच माहीत नव्हतं. माधवला मी सांगितलं, तिला सांगू नको हेही मीच सांगितलं, आणि नंतर या वहीत मी खोटं बोललो.

काय झालं होतं, असं नरसिंग विचारेल. भाऊ आहे, विचारणारच. मी त्याला सांगणार नाही. ते तुझं आहे.